पुरी तेवढीच राहू दे

उत्तममामांनी मला पहिल्यांदा ‘साल मुबारक’ म्हटलं ती तारीख होती एक एप्रिल. मी कंपनीत फार जुना नव्हतो, शिफ्टच्या बसमध्ये तर नवाच. एक एप्रिलला कुणी हसून हात पुढे केला की माणूस आधी त्या हातात काय दडवलंय ते बघतो. मी माझा हात मागे घेतला आणि म्हणालो, “मामा, दुसरा बकरा शोधा.”

मागच्या सीटवर हशा पिकला. मामांचा हात तसाच पुढे.

“कंपनीचं साल आजपासून लागतं,” ते म्हणाले. “अकाउंटवाल्याला इचारा. तुमचं काही चालू करायचं राहून गेलं आसंल तर दिस चांगला हाय.”

माझं चालू करायचं बरंच राहून गेलं होतं. एक जानेवारीला मी याच बसमध्ये उभा राहून जाहीर केलं होतं की यंदा रोज पहाटे पळणार. कुणीही विचारलं नव्हतं. पळण्याचे बूट घेतले, भगव्या नाडीचे, इतके देखणे की ते रस्त्यावर घालवेनात. संक्रांतीच्या आसपास थंडी पडली म्हणून थांबलो, मग थंडी गेली म्हणून थांबलो. एप्रिलपर्यंत बूट बाल्कनीत गेले होते आणि उजव्या बुटात पारवीनं अंडं घातलं होतं. आता अंड्याला धक्का लावून पळायला जाणं बरं दिसत नाही. हे कारण मी बायकोला देऊन पाहिलं. ती म्हणाली, “डाव्या बुटात तर काही नाही ना?”

असो. सांगायचंय ते मामांबद्दल.

उत्तमराव सोनवणे, वैजापूर तालुक्यातले. गावाकडे भावकीत बऱ्यापैकी जमीन, मका, कांदा, थोडा कापूस; पण मामा तरुणपणीच वाळूजला नोकरीला लागले आणि कंपनीच्या स्टोअरमध्ये रुतून बसले. राहायला चिकलठाण्यात. म्हणजे शहराच्या या टोकाला घर आणि त्या टोकाला नोकरी, मधे सगळा जालना रोड. मामांच्या हिशेबी हा रोड म्हणजे त्यांची बैठक. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा त्यांची. बस सुरू झाली की मामा सुरू होत आणि वाळूजचं गेट आलं की नाइलाजानं थांबत.

त्यांच्या बोलण्याची एक तऱ्हा होती. दात फारसे न उघडता, ओठांच्या फटीतून ते शब्द सोडत. फणसाच्या साटासारखे चपटे होऊन शब्द बाहेर यायचे. आम्हाला वाटायचं, ही त्यांची ऐट आहे. मी कँटीनमध्ये त्यांची नक्कल करायचो. ती इतकी हुबेहूब व्हायची की एकदा मी मामांच्या आवाजात फोनवर स्टोअरमधून हातमोज्यांचा खोका मागवला आणि आलाही.

आणि ‘साल मुबारक’. वर्षातून कधीही. गुढीपाडव्याला तर म्हणतच, दिवाळीच्या पाडव्यालाही म्हणत, कारण ते व्यापाऱ्यांचं साल. जूनमध्ये शाळा उघडली की पोरांचं साल. मृग लागला की कुणब्याचं. पोळा हे बैलांचं. निजामाच्या राज्यात त्यांचे आजोबा शेतसाऱ्याचं फसली साल मोजत, म्हणून तेही धरायचं. ते नेमकं कधी लागतं हे बसमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे मामा ते आपल्या गरजेप्रमाणे लावत.

“मामा, एवढी सालं कशाला लागतात तुम्हाला?” मी एकदा विचारलं.

“तुला एकच पुरतं का?”

“हो की.”

“मंग बूट कुठं हायेत?”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. क्रांती चौकातली वाहतूक त्या दिवशी फार बघण्यासारखी होती.

त्या वेळी मला ते नुसते बोलघेवडे वाटायचे. सालांचा हा धंदा त्यांनी कशासाठी लावला होता, ते कळलं पाणीपुरीच्या गाडीवर.

माझं प्रमोशन झालं होतं. मी क्वालिटी विभागात. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातले दोष काढायचे आणि त्याचा पगार घ्यायचा. त्यात बढती मिळाली म्हणजे दोष काढण्याचा वकूब वाढला. चिकलठाण्याच्या वळणावर एक भैय्या पाणीपुरीची गाडी लावतो, तिथं संध्याकाळी मी बसमधल्या चार जणांना घेऊन गेलो. सगळ्यांचे द्रोण पुढे. मामांनी पहिली पुरी घेतली, ती द्रोणातच मोडली, आणि तुकडा तुकडा करून ओठांतून आत सारायला लागले. पाणी सगळं द्रोणात.

“मामा, पाणीपुरी आहे ती,” मी म्हणालो. “काला करून काय खाताय?”

सगळे हसले. मामाही हसले. हसताना माणसाचं तोंड उघडतं. मामांचं उघडलं नाही. मी दोष काढणारा माणूस, मला ते दिसलं, आणि मी माझा द्रोण खाली ठेवला. त्यांची ऐट, तो दातांमागचा आवाज, माझी ती हुबेहूब नक्कल. त्यांचं तोंड उघडतच नव्हतं.

पुडी. गुटख्याची. दुसरं काय असणार. बंदी असलेली आणि प्रत्येक टपरीवर टांगलेली. मामा ती तरुणपणापासून गालात ठेवत आले होते आणि ती सोडण्यासाठीच त्यांना सालं लागत होती. प्रत्येक सालाला ते सोडत. काही दिवस सुटायचीही. मग पुन्हा गालात.

मी त्यांना दातांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. म्हणजे खरं सांगायचं तर सलीमभाईंनी आम्हा दोघांना नेलं. सलीमभाई आमच्या बसमध्ये मामांच्या शेजारी बसत, पेंट शॉपला होते. मी नुसता ‘जायला पाहिजे, जायला पाहिजे’ म्हणत होतो. सलीमभाईंनी सुट्टी टाकली, गाडी काढली आणि म्हणाले, “हौ, जाना तो है. बैठो.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मामांना सांगितलं, “काका, तीन बोटं उभी करून तोंडात घाला.” मामांनी आपली तीन बोटं तोंडाशी नेली आणि दारावर अडवलेल्या पाहुण्यासारखी तिथंच धरून ठेवली. दोनही जाईनात. एक गेलं.

“आतली कातडी आखडलीय,” बाई म्हणाल्या. “आज बंद केलंत तर इथं थांबेल. व्यायाम केलात तर थोडं मागे फिरेल. नाही केलंत तर उद्या तिथं चमचा जाणार नाही. आणि त्याच्या पुढचं मी आत्ता बोलत नाही.”

बाहेर बाकावर बसून मामांनी चपला घातल्या. मग दातांमागून म्हणाले, “माझा चुलतभाऊ हाय गावात, जगन्नाथ. त्याच्या पुढचंच झालंय. नळीनं पाजतेत त्याला.” सलीमभाई गाडी काढायला उठले.

बसमध्ये मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं. माझ्यासारखं उभं राहून नव्हे, बसल्या जागी.

“डिसेंबर सरायच्या आत आख्खी पाणीपुरी खाणार. आख्खी. न मोडता.”

“आज कोणतं साल?” मागून कुणीतरी विचारलं.

“फसली,” मामा म्हणाले.

व्यायाम म्हणजे आईस्क्रीमच्या काड्या. चपट्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरायची, तोंड तेवढं उघडं ठेवायचं, आणि सवय झाली की चळतीत आणखी एक काडी सरकवायची. मामांना तेवढा निवांत वेळ एकाच ठिकाणी मिळत होता, बसमध्ये. त्यामुळे जालना रोडवरची ती बैठक एकदम मुकी झाली. मामा खिडकीशी, दातांत काड्या, डोळ्यांत पाणी, आणि बोलायला इतकं काही साठलेलं की कपाळाच्या शिरा फुगायच्या. राजकारणावर कुणी काही चुकीचं बोललं तर ते हात हलवून, भुवया उडवून वाद घालत. सलीमभाई भाषांतर करत. “मामा बोल रहे, तू कुछ भी मत फेक.” मामा होकारार्थी मान डोलावत. “मामा बोल रहे, तेरे बाप को भी नहीं मालूम था.” मामा जोरात मान हलवत: एवढं नाही म्हटलं मी.

काड्यांचा पुरवठा आम्ही केला. वाळूजच्या गेटवर कुल्फीवाला थांबतो. ज्यांनी आयुष्यात कुल्फीला हात लावला नव्हता ते मामांसाठी म्हणून दोन-दोन खायला लागले. माझं त्या उन्हाळ्यात वजन वाढलं. पळण्याच्या संकल्पाच्या वर्षात मी समाजकार्यामुळे जाड झालो.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मला मदत करायची हौस. माझ्या डोक्यात आलं की मामांचं तोंड रिकामं राहतं, म्हणून त्यांना पुडीची आठवण होते. रिकाम्या तोंडाला काहीतरी द्यावं. मी बाजारातून छान डबीत मिळणारा गोड मुखवास आणला. गुलाबाचा वास, रंगीत दाणे, खोबऱ्याचा कीस. डबीवर तंबाखू नाही असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मामांना आवडला. मी डब्या पुरवायला लागलो. मामांची पुडी सुटली ती सुटलीच, आणि बसमध्ये माझी मान उंच झाली. मी नव्या पोरांना सवय कशी मोडावी यावर बोलायलाही लागलो होतो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी बोटं घालून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. “काका, कमी झालंय. काय खाताय?”

मामांनी डबी काढून दिली. बाईंनी चिमूटभर तळहातावर घेऊन बोटानं चिवडलं. रंगीत दाण्यांखालून बारीक कातरलेली सुपारी निघाली.

“ही कातडी सुपारीनंच आखडते,” त्या म्हणाल्या. “तंबाखू सोडलीत आणि सुपारी चालू ठेवलीत. हे कुणी दिलं तुम्हाला?”

मी दवाखान्याच्या भिंतीवरचं दातांचं चित्र पाहत होतो. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“बाजारातून आणलं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून परतताना बसमध्ये त्यांनी काड्या लावल्या. एक काडी कमी करावी लागली होती. नगर नाका गेला, क्रांती चौक गेला, सिडको आलं. मी माफी मागायची वाक्यं मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात माझं मन किती चांगलं होतं हेच येत होतं. शेवटी मामांनी काड्या काढल्या, रुमालानं पुसल्या, खिशात ठेवल्या.

“आज कुणाचं साल हाय रे?”

“आज... आज तर काहीच नाही मामा.”

“मंग तुझं धर. आजपास्नं तू दुसऱ्याला शाना करायचं सोड.”

हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात जास्त टिकलेला संकल्प आहे. अधूनमधून मोडतो, पण बायको लगेच दाखवून देते.

इथं मला मामांची युक्ती कळायला लागली. मी एक जानेवारीला ठरवायचो, संक्रांतीला मोडायचो आणि पुढच्या एक जानेवारीची वाट बघत अकरा महिने आरामात काढायचो. मोडलेल्या माणसाला ते अकरा महिने फार सोयीचे. मामाही मोडत होते, माझ्यापेक्षा जास्त वेळा मोडत होते. फक्त मोडल्यापासून पुन्हा उभं राहण्यापर्यंतची जागा ते मोकळी ठेवत नव्हते. दर पंधरा-वीस दिवसांत कुणाचं ना कुणाचं साल लागत असे, आणि नाही लागलं तर ते शोधून काढत.

त्या शोधात मीही मग उतरलो. मला वाटलं, मुसलमानांचं नवं साल राहिलंय. मोहर्रमचा महिना लागतो तेव्हा ते बदलतं, हे मी मोबाइलवर वाचलं. मी मामांना कळवलं, मामा खूश. मी गुलमंडीवरून इमरतीचा खोका घेतला आणि दुसऱ्या दिवशी बस सुरू होताच सगळ्यांसमोर सलीमभाईंपुढे धरून ओरडलो, “सलीमभाई, साल मुबारक!”

सलीमभाईंनी खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “कायकू मुबारक? गम का महीना है ये, सुनील. इस में मुबारक-वुबारक नहीं करते.”

मी खोका मागे घ्यायला लागलो. त्यांनी तो धरला.

“इमरती का क्या कसूर है,” ते म्हणाले. “इधर रख.” मग मामांकडे वळून हळूच, “मामा, साल तो बदला है. तुम चालू करो. बस, चिल्लाओ नक्को.”

मामांनी काड्या दातांत धरल्या, आणि हात छातीशी नेऊन मान लववली.

असं करत करत पावसाळा सरला. चळतीत काड्या वाढल्या. दोन बोटं जायला लागली. मामा एकदा डबा विसरले म्हणून मामी बसपर्यंत आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “आधी भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागायची, आता चावून खातेत. बडबड तं आधीबी कमी नव्हती, आता आवाज वाढलाय.” मामा खिडकीतून म्हणाले, “तुला ऐकू कमी यायलंय.” मामी म्हणाल्या, “आलं आसतं तर नांदले आसते का?”

आणि मग जगन्नाथ गेला.

मामा गावाला गेले ते तेराव्यानंतरच आले. सकाळी बसमध्ये चढले आणि आपल्या जागी बसले. खिशातून काड्या काढल्या नाहीत. कुणी विचारायच्या आधीच बोलले, खिडकीबाहेर बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“तेराव्याचं जेवण झालं. मांडवात बसलो. पुड्या फिरल्या. ज्यानं जगन्नाथला नेलं तेच त्याच्या तेराव्याला वाटलं. एकानं माझ्या हातावर ठेवली.” मामांनी तळहात मांडीला पुसला. “खाल्ली. मंग येईपर्यंत खातच आलो.”

बस चालत होती. मी मनातल्या मनात साल शोधत होतो. दसरा होऊन गेला होता, दिवाळीला अवकाश होता. फसली म्हणावं तर ते मामांनी म्हणायचं असतं, दुसऱ्यानं म्हटलं तर खोटं वाटतं. मामांकडे पाहिलं तर पहिल्यांदाच ते साल शोधत नव्हते. नुसते बसले होते. गाल आत गेलेले. मला वाटलं, झालं. आता हा माणूस माझ्यासारखा होणार, पुढच्या जानेवारीची वाट बघणारा.

ड्रायव्हर भगवानराव एरवी बोलत नाहीत. बस चालवताना तर नाहीच. त्यांचं म्हणणं, बोलायला मामा आहेत. त्यांनी आरशात पाहिलं.

“मामा,” ते म्हणाले, “काल गाडीची पासिंग झाली.”

मामांनी मान वळवली.

“आर.टी.ओ.नं वर्षाचा शिक्का दिला. गाडीचं नवीन साल लागलं आजपासून.” गिअर टाकत भगवानराव पुढे म्हणाले, “म्हंजे तुम्ही नव्या सालाच्या गाडीत बसलाय. ध्यानात ठेवा.”

मामांनी बराच वेळ आरशात भगवानरावांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग खिशात हात घातला. रुमाल निघाला, रुमालातून काड्या निघाल्या. दोन काड्या त्यांनी काढून बाजूला ठेवल्या, कारण तोंड तेवढं आखडलं होतं. उरलेल्या काड्या दातांत धरल्या. सलीमभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, “मामा बोल रहे, साल मुबारक.”

त्या दिवसानंतर सालं शोधण्याचं काम बसनं अंगावर घेतलं. पेंट शॉपचा ओव्हन बदलला, पेंट शॉपचं साल. कुणाच्या मुलीला पहिला दात आला, दाताचं साल. मला काही सुचलं नाही तेव्हा मी सांगितलं की पारवीची पिल्लं उडून गेली आणि बूट मोकळा झाला. मामा काड्यांमागून इतके हसले की चळत खाली पडली.

एकतीस डिसेंबरला संध्याकाळी आम्ही बसमधले बहुतेक सगळे चिकलठाण्याच्या वळणावर उतरलो. भैय्याला वाटलं मोर्चा आला. मी कंपनीचा व्हर्निअर खिशातून आणला होता. ज्या यंत्रानं आम्ही धातूच्या तुकड्यांची जाडी मोजतो, त्यानं मी मामांचं तोंड आणि भैय्याच्या पुऱ्या मोजणार होतो. भैय्यानं मला विचारलं, “साहब, खाद्य विभाग से हो क्या?” त्याला समजावेपर्यंत घाम फुटला. मोजल्यावर मला कळलं की भैय्याच्या दोन पुऱ्या एका मापाच्या नसतात. आमच्या कंपनीत असलं काम मी सरळ परत पाठवलं असतं. त्यातली जरा बारकी मी मामांसाठी बाजूला काढून ठेवली. मामांनी ती परत टोपलीत टाकली आणि म्हणाले, “जी हाताला यील ती दे.”

त्यांनी पुरी धरली. पाणी भरलेली, गच्च. तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं, आणि पुरी ओठांशी नेली. आम्ही सगळ्यांनी नकळत आपापली तोंडं उघडली होती. अर्धी पुरी आत गेली. मग ती फुटली. हिरवं पाणी हनुवटीवरून स्वेटरवर, स्वेटरवरून बुटांवर.

मी व्हर्निअर खिशात टाकला.

भैय्या भला माणूस. तो हळूच म्हणाला, “अंकल, आपके लिए छोटी निकाल दूँ? कल से अलग से बनवा के रखूँगा. एक बार में चली जाएगी.”

मामांनी रुमालानं हनुवटी पुसली. “नक्को भैय्या. पुरी तेवढीच राहू दे. तोंडाचं मी बघतो.”

मग मोडून, तुकडा तुकडा करून, त्यांनी द्रोणभर खाल्ली, चवीनं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “मामा, साल तर संपलं.”

“संपू दे की. उद्या दुसरं हाय.” त्या वर्षात पहिल्यांदा त्यांचं साल आणि सगळ्या जगाचं साल एकाच दिवशी लागत होतं.

मार्चअखेरीला ते रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी काड्यांची चळत सीटच्या खिडकीशी ठेवून दिली. आम्हाला वाटलं विसरले. घरी पोचवायला गेलो तर मामी म्हणाल्या, दुसऱ्या घेतल्यात, नव्या. चिकलठाण्याचं घर मुलाला देऊन दोघं गावाकडे गेली. त्यांची जागा बसमध्ये आजही कोणी घेत नाही. घेतली तर भगवानराव आरशातून बघतात.

मग गेल्या महिन्यातली गोष्ट. कुठलाही सण नाही, महिन्याच्या मधला एक बुधवार. परतीची बस चिकलठाण्याच्या वळणावर वाहतुकीत अडकली होती. सलीमभाई एकदम उठले. “अरे, वो मामा है ना?”

पाणीपुरीच्या गाडीपाशी मामा उभे होते. पांढरा सदरा, शेजारी मामी, मामींच्या काखेत दवाखान्याची फाइल. म्हणजे तपासणीला आले असणार. मामांच्या हातात पुरी, मनगटावरून पाण्याचा ओघळ. सगळी बस एका बाजूला कलली. कुणीतरी हाक मारली, “मामा!”

मामांनी पाहिलं. ओळखलं. आणि आमच्याकडे पाठ केली.

मला कळलं का ते. डिसेंबरमधला तो स्वेटर मला आठवत होता. भगवानरावांपुढचा रस्ता मोकळा झाला होता, मागून हॉर्न वाजत होते. ते गाडी हलवेनात. आम्हाला फक्त मामांची पाठ दिसत होती आणि समोर मामींचं तोंड. मामांचा खांदा वर गेला, मान मागे झुकली. मामी बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. मग तो पदर तोंडावरून खाली आला आणि मामींनी मामांच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली.

मामा वळले. दोन्ही गाल टम्म फुगलेले, डोळ्यांतून पाणी, सदरा कोरडा.

“साल मुबारक, मामा!” सलीमभाई खिडकीतून अर्धे बाहेर निघून ओरडले, आणि मग सगळेच ओरडायला लागले.

मामांना बोलता येत नव्हतं; तोंडात जागा नव्हती. त्यांनी आमच्याकडे एक बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि द्रोण पुन्हा भैय्यापुढे धरला.